दोन शिपायांमधलं अंतर : पायदळ कसकसं बदलत गेलं

अडगळ
दुसऱ्या एका धाग्यावर परवा "पायदळाचा चेहरा कुठल्या हत्याराने बदलला" यावरून बरीच जुंपली. कुणी बंदूक म्हणालं, कुणी मशीनगन, एकाने तर घोड्याची रिकीब आणली (ती पायदळात कुठून आली ते त्यालाच ठाऊक). तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं एवढंच की हत्यारांची यादी जरा बाजूला ठेवा आणि बघा, लढताना शेजारचा शिपाई किती लांब होता? मला वाटतं पायदळाचा सगळा इतिहास या अंतरात सापडतो.

सुरुवात ग्रीकांपासून करतो. त्यांच्या हॉप्लाइट शिपायाची ढाल गोल, साधारण ९० सेंमी व्यासाची, सहा-सात किलोची. तिला मधोमध एक पट्टा, त्यातून डावा हात कोपरापर्यंत आत घालायचा, आणि काठाला एक मूठ, ती पंजाने धरायची. अशी धरली की निम्मी ढाल तुमच्या डावीकडे बाहेर जाते. ती तुमच्या उपयोगाची नाही, शेजाऱ्याची उजवी बाजू झाकते. तुमची उजवी बाजू कुणी झाकायची? तुमच्या उजवीकडच्याने. आता प्रत्येक जण भीतीपोटी उजवीकडच्या ढालीआड सरकणार. इ.स.पू. ४१८ च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस नेमकं हेच सांगतो: सगळीच सैन्यं चालताना उजवीकडे ओढली जातात, आणि सुरुवात होते ती उजव्या टोकाच्या पहिल्या माणसापासून, कारण त्याची बाजू झाकायला कुणीच नसतं. हजारो माणसांची रांग एका माणसाच्या उघड्या बरगडीमुळे तिरकी होते! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

पुढे मॅसिडोनियात फिलिप आणि अलेक्झांडरने ढाल लहान केली, ती गळ्यात अडकवली आणि दोन्ही हातांत पाच-सहा मीटर लांबीचा सारिसा भाला दिला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबाने पुढच्या रांगेतल्या माणसाच्या पुढे पाच भाल्यांची टोकं असायची. स्वतःचं एक आणि मागच्या चार रांगांची चार. मागे आणखी रांगा, त्यांचे भाले वर तिरके धरलेले. समोरून हा प्रकार अभेद्यच.

पण वळायचं कसं? इ.स.पू. १९७ ला किनॉस्केफलाईला एका रोमन अधिकाऱ्याने वीसेक तुकड्या वळवून त्यांच्या पाठीवर आणल्या, आणि तिथेच खेळ संपला. सहा मीटरचा भाला घेऊन गर्दीत मागे फिरता येत नाही.

बाकीचं हळूहळू लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

चिंचोका
मस्त धागा. वाचतोय.

तिरपागडा
सारिशावरून आठवलं. एकदा हौसेने अठरा फुटी बांबू दोन्ही हातांनी आडवा धरून बघितला होता. मी आणि भाऊ. टोक एवढं खाली झुकतं की सरळ ठेवायला मागच्या हाताने सगळा जोर खाली लावावा लागतो. तीन मिनिटांत दंड भरून आले. बरं, त्याला लोखंडी पातं नव्हतं, समोर शत्रू नव्हता, आणि भाऊ हसत होता. त्या लोकांना हे उन्हात तासन् तास कसं जमायचं देव जाणे. शेपटाकडे जड लोखंडी टोपण असायचं म्हणतात, त्याने तोल साधत असेल.

अडगळ
@तिरपागडा, हो, त्या टोपणाने तोल मागे यायचा, आणि भाला मोडला तर उलटं करून तेच टोक वापरता यायचं. तरी एकट्याच्या हातात तो बांबूच. सोळा जणांच्या फाइलीत (एकामागे एक उभी ओळ) त्याचा भाला व्हायचा.

शेवंती
रोमन कुठे गेले? पिलमचा, म्हणजे त्यांच्या फेकायच्या भाल्याचा, साधा उल्लेखही नाही, निषेध! :)

अडगळ
शेवंतीताई, येतच होतो त्यांच्याकडे. पॉलिबियसने रोमन आणि मॅसिडोनियन शिपायाची तुलना केलीय तीच मुळी जागेवरून. फॅलँक्समधल्या (म्हणजे त्या दाट भालेरांगांमधल्या) माणसाला तीन फूट जागा, रोमन माणसाला त्याच्या दुप्पट, कारण त्याला ढाल फिरवायची, तलवार चालवायची. म्हणजे एका रोमनासमोर दोन मॅसिडोनियन आणि त्यांचे दहा भाले. कागदावर रोमन मेलाच पाहिजे. पण जमीन जरा खडबडीत झाली, रांगेत फट पडली, की तो त्या फटीत शिरायचा. इ.स.पू. १६८ ला पिड्नाला तेच झालं. मोकळ्या जागेचा फायदा इथे पहिल्यांदा ठसठशीत दिसतो.

पिलमबद्दल सीझरने हेल्वेशियन टोळ्यांशी झालेल्या लढाईचं (इ.स.पू. ५८) वर्णन केलंय ते भारी आहे. त्या लोकांनी ढालीवर ढाल चढवून भिंत केली होती. एकेक पिलम दोन-दोन ढालींतून आरपार गेलं आणि लोखंड वाकलं. आता ते उपसताही येईना आणि दोन ढाली शिवल्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या. बराच वेळ हात झटकून शेवटी त्यांनी ढाली फेकल्या आणि उघड्या अंगाने लढले.

वाटसरू२
मग मध्ययुगात घोडदळाने पायदळ खाल्लं आणि इंग्रजी लाँगबोने (उंच लाकडी धनुष्य) सरंजामदारांना संपवलं. क्रेसी १३४६, आझँकूर १४१५. विषय संपला.

नांगरट
विषय इतक्यात संपत नाही हो. घोडदळाला अडवायला धनुष्यच लागतं असं काही नाही. १३०२ ला कोर्त्रेला फ्लँडर्सच्या विणकर-कारागिरांनी भाले आणि खिळ्याचे सोटे घेऊन फ्रेंच सरदार लोळवले. पुढे स्विस लोकांनी लांब भाल्यांचे चौकोन करून १४७६-७७ मध्ये बर्गंडीच्या चार्ल्सला तीनदा हरवलं, तिसऱ्यांदा तो जिवानिशी गेला. घोडा टोकदार झुडपात उडी मारत नाही. माणसं जागची हलली नाहीत तर झालं. पण हे "हलली नाहीत" हेच अवघड.

आणि लाँगबोचं खरं दुखणं वेगळंच होतं. १५४५ ला बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजावर जी धनुष्यं सापडली ती ओढायला शंभर पौंडांच्या बरंच वर जोर लागतो. असा तिरंदाज लहानपणापासून घडवावा लागतो. उलट तोड्याची बंदूक काही आठवड्यांत शिकवता येते. बंदूक धनुष्यापेक्षा बरी होती म्हणून आली हे अर्धसत्य. सुरुवातीला ती हळू होती, नेम यथातथा, पावसात बंद. पण बंदूकवाला मेला तर दुसरा लवकर तयार व्हायचा. हिशेब क्रूर आहे खरा.

वाटसरू२
ओके, मान्य. विणकरांचं माहीत नव्हतं.

नांगरट
तोड्याच्या बंदुकीचा विषय निघालाय तर जरा सविस्तर लिहितो, माझ्या आवडीचा आहे.

हातात पेटता तोडा, म्हणजे सोऱ्यात मुरवलेली दोरी. विझली तर पंचाईत म्हणून पुष्कळदा दोन्ही टोकं पेटलेली. अंगावर आडव्या पट्ट्याला लाकडी नळकांडी लटकवलेली, प्रत्येकात एका बाराची दारू. म्हणजे जळती दोरी आणि दारू एकाच माणसाच्या अंगावर, वितीच्या अंतरात! भरायचं कसं? तोडा बाजूला करायचा, दारू नळीत ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची, सांडलेली फुंकून टाकायची (ही पायरी चुकली तर पुढचं चेहऱ्यावर), तोडा पुन्हा चापात बसवायचा, फुंकर मारून निखारा लाल करायचा, मग नेम. या कामाला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. ठिणगी शेजाऱ्याच्या दारूत पडायची भीती असायचीच. म्हणजे अडगळरावांचं अंतर इथे शत्रूमुळे वाढलेलं नाही, शेजाऱ्याच्या निखाऱ्यामुळे वाढलं.

मधल्या रिकाम्या मिनिटाचं काय करायचं? डिसेंबर १५९४ मध्ये डच सैन्यातल्या नासाऊच्या विल्यम लुईने आपला चुलतभाऊ मॉरिस याला पत्र लिहिलं. पहिल्या रांगेने बार काढायचा आणि फायलींमधून मागे जाऊन भरायला लागायचं, तोवर दुसरी रांग पुढे, मग तिसरी. कल्पना सुचली कुठून? रोमन भालाफेक्यांच्या कवायतीबद्दल जुन्या ग्रंथात वाचून. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून नव्या बंदुकीची पद्धत निघाली. मग बंदूक भरण्याची एकेक हालचाल वेगळी काढून चित्रांची पुस्तकं छापली गेली. १६०७ च्या पुस्तकात नुसत्या बंदुकीच्या चाळीसहून जास्त स्थिती आहेत, प्रत्येकीला एक हुकूम. आजची परेड तिथून आलीय.

चिंचोका
म्हणजे शाळेच्या पीटीचं मूळ डच आहे तर. त्या मॉरिसला आता सोडणार नाही.

मृगजळ
भालेवाले मग गेले कधी?

नांगरट
संगीन आली तेव्हा. तोवर बंदूकवाले भरत असताना घोडदळापासून त्यांना राखायला भालेवाले लागायचे. पहिल्या संगिनीची मूठ बुचासारखी नळीच्या तोंडात ठोकायची असे. म्हणजे संगीन लावली की बार बंद. २७ जुलै १६८९ ला स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकीला सरकारी पलटणींनी बार काढला, आणि बुचं ठोकेपर्यंत बंडखोर हायलँडर तलवारी घेऊन अंगावर आले. कापाकापी झाली. पुढे नळीच्या बाहेरून कडं बसवायची संगीन आली, तिच्यासकट बार काढता यायचा. १७०० च्या आगेमागे भालेवाला दिसेनासा झाला. हातभर लोखंडाने बंदूकवाला आणि भालेवाला एकाच माणसात आले.

शेवंती
पानिपताशिवाय मराठी धागा पूर्ण होत नाही, तर मीच आणते. १४ जानेवारी १७६१. इब्राहिमखान गारदीच्या पलटणी फ्रेंच पद्धतीने तयार झालेल्या, चकमकीच्या बंदुका, कवायत पक्की. रोहिल्यांवर त्यांनी शिस्तीत चालून जाऊन जबर मार दिला. बेत गोलाच्या लढाईचा होता, म्हणजे सगळं सैन्य बांधलेल्या चौकोनात सरकणार. पण विंचूरकर-गायकवाडांचे घोडेस्वार गोल सोडून पुढे घुसले. घोडेस्वाराच्या अंगात मोकळ्या मैदानाची लढाई मुरलेली, त्याला पायदळाच्या चालीने चालणं कमीपणाचं वाटणार. दोष माणसांना देण्यापेक्षा दोन युद्धपद्धतींचा मेळ बसला नाही असं मी म्हणेन.

वाटसरू२
आता चारशे प्रतिसाद नक्की.

अडगळ
पानिपतासाठी वेगळा धागा काढा मंडळी, हात जोडून विनंती. शेवंतीताईंचा मुद्दा मात्र इथलाच आहे. ४२ वर्षांनी असईला (२३ सप्टेंबर १८०३) शिंद्यांच्या कंपूंनी (कवायती पलटणींनी) इंग्रज सेनापती वेलस्ली बगलेवर येतोय म्हटल्यावर अख्खी फळी फिरवली. वेलस्लीला ती अपेक्षाच नव्हती. शेवटी लढाई गेली, पण त्या पलटणींच्या कवायतीला नाव ठेवता येत नाही.

मृगजळ
एक बाळबोध प्रश्न. ते लाल-निळे कोट घालून, ढोल वाजवत, समोरासमोर रांगेत उभं राहून एकमेकांवर गोळ्या झाडायचे. एवढी साधी अक्कल नव्हती का की झोपा, झाडामागे लपा?

अडगळ
हा प्रश्न बाळबोध अजिबात नाही.

त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, आणि लवकर भरता यावी म्हणून गोळी नळीपेक्षा बारीक. ती आत खुळखुळत बाहेर यायची. शंभर यार्डांपलीकडच्या एका माणसावर नेम धरणं म्हणजे नवस बोलण्यासारखं. म्हणून कोपराला कोपर लावून उभं करायचं आणि सगळ्यांचा बार एकदम काढायचा, तीनशेतली काही तरी गोळी लागतेच. दुसरं, ठासणीची बंदूक झोपून भरणं जवळजवळ अशक्य, गज वरून खाली मारायचा असतो. तिसरं, दोन बार झाले की काळ्या दारूच्या धुराने काही दिसत नाही, तेव्हा भडक कोट उपयोगी पडतो. चौथं, घोडदळ. विखुरलेला शिपाई घोडेस्वाराला आयता सापडतो, चौकोनातला नाही. वॉटर्लूला (१८१५) फ्रेंच घोडदळ चौकोनांभोवती नुसतं फिरत राहिलं. आणि हुकूम पोचवायला आवाज आणि ढोल एवढंच होतं. आवाज पोचेल तेवढीच पलटण पसरणार.

झाडामागे लपणारेही होतेच. पेचाच्या नळीच्या रायफली घेतलेले निवडक लोक जोड्या करून पुढे जायचे. पण पेचात घट्ट बसणारी गोळी ठासायला वेळ फार, म्हणून सगळ्यांना रायफल देता येत नव्हती.

ही अडचण मिनिए नावाच्या फ्रेंच कप्तानाने १८४९ च्या सुमारास सोडवली. गोळी नळीत सहज सरकेल एवढी, पण बुडाशी पोकळ. बार झाला की बूड फुगून पेच पकडतं. तीनशे यार्डांवर माणूस मारता येऊ लागला, आणि सेनापती मात्र जुन्याच रांगा घेऊन चालले होते. अमेरिकन यादवी युद्धात गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ च्या हल्ल्यात सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून चालत गेली, निम्मी पडली किंवा पकडली गेली.

नांगरट
गेटिसबर्गचंच एक. लढाईनंतर मैदानातून गोळा केलेल्या साधारण २७ हजार बंदुकांपैकी २४ हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या, आणि त्यातल्या निम्म्यांत दोन बार एकावर एक. काहींत तीन ते दहा. म्हणजे चाप ओढल्यावर बार झालाच नाही हे त्या गोंगाटात त्याला कळलं नाही, किंवा त्याने चाप ओढलाच नाही, आणि हात आपले सवयीने ठासत राहिले. कवायतीने माणसाचं यंत्र होतं म्हणतात ते असं.

अडगळ
हे भयानक आहे. बरं, झोपायची सोय कुणी केली? प्रशियाच्या ड्रायझ बंदुकीने, ती मागून भरायची. ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियन उभे राहून गज मारत होते आणि प्रशियन जमिनीला चिकटून गोळ्या घालत होते. पण गंमत अशी की चार वर्षांनी सेंट प्रिव्हाला (१८ ऑगस्ट १८७०) त्याच प्रशियाच्या गार्ड पलटणी दाटीवाटीने उघड्या चढावरून गेल्या आणि फ्रेंच शासपो रायफलींसमोर थोड्या वेळात आठ हजारांच्या आसपास माणसं गमावून बसल्या. शत्रूला शिकवलेला धडा स्वतः शिकायला वेळ लागतो.

१८८६ च्या लेबेल रायफलीने बिनधुराची दारू आणली. गोळी कुठून आली हे दिसेनासं झालं, म्हणून भडक कपडे गेले. तरी फ्रेंच शिपाई १९१४ ला लाल विजारीतच गेला. 'खाकी' मात्र आपल्या ओळखीचा शब्द, खाक म्हणजे धूळ.

शेवंती
पहिल्या महायुद्धाबद्दल एक निरीक्षण. इतकी मशीनगन, इतका तोफखाना, आणि खंदकात रात्री उतरणारे शिपाई हातात काय घेऊन जायचे? खिळे ठोकलेला सोटा आणि धार लावलेलं फावडं. कोर्त्रेचे विणकर सहाशे वर्षांनी परत! शिरस्त्राणही परत आलं. १९१४ ला कापडी किंवा चामडी टोप्या होत्या, आकाशातून येणाऱ्या तुकड्यांनी डोकी फुटायला लागल्यावर १९१५-१६ मध्ये फ्रेंच, ब्रिटिश आणि जर्मन या तिन्ही मोठ्या सैन्यांनी पोलादी टोप काढले.

अडगळ
वा! आणि अंतराचं गणितही तिथेच उलटलं. १ जुलै १९१६ ला सॉमला एका दिवसात ब्रिटिशांचे ५७,४७० जण पडले, त्यातले १९,२४० मेले. अंगावर तीसेक किलो घेऊन बऱ्याच ठिकाणी लाटा करून चालत. आठ महिन्यांत, फेब्रुवारी १९१७ ला, त्याच सैन्याने प्लाटून ही छोटी तुकडी नव्याने बांधली: एक सेक्शन लुईस गनचा (हलकी मशीनगन), एक बाँबवाल्यांचा, एक रायफल-ग्रेनेडचा, एक साध्या रायफलवाल्यांचा. लुईस गनने समोरच्याचं डोकं खाली दाबायचं, बाकीच्यांनी बगलेने शिरायचं. जर्मन स्टॉर्मट्रूपही (हल्ल्यासाठी निवडलेले शिपाई) दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले. तोवर शिपाई रांगेतला एक आकडा होता. आता दहा-बारा जणांच्या नाईकाला स्वतः ठरवावं लागायला लागलं. मला तर हा बंदुकीच्या शोधापेक्षा मोठा बदल वाटतो. दुसऱ्या महायुद्धातली प्रत्येक स्क्वाड याच साच्यातली. जर्मनांची तर अख्खी तुकडी एमजी ४२ मशीनगनला पट्टे पुरवायलाच असल्यासारखी.

वाटसरू२
पण माणसं पांगवली ती तोफखान्याने. रायफल, मशीनगन निमित्तमात्र. महायुद्धात सगळ्यात जास्त माणसं तोफगोळ्यांनी मेली. तुमचा धागा पायदळाच्या हातातल्या हत्यारांवरच फिरतोय.

अडगळ
बरोबर पकडलंत. १८७० पर्यंतची गोष्ट मी रायफलीच्या बाजूने सांगितली, पुढे तोफखाना धरायलाच हवा होता. मुद्दा मान्य.

खंदककर
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितोय. बरीच वर्षं पायदळात काढली, कुठे आणि कधी ते राहू द्या.

पुस्तकात बंदुका असतात, पायदळात पाय असतात. पहिल्या दोन वर्षांत मी शत्रूपेक्षा मोज्यांचा विचार जास्त केला. ओला मोजा अर्ध्या दिवसात टाच सोलतो. रात्रीच्या मुक्कामाला साहेब आधी हत्यारं बघायचे आणि मग बूट काढायला लावून पाय. आमचा पहिला हवालदार सॅकमधला नग न् नग बाहेर काढून विचारायचा, "हे कोण उचलणार? मी?"

वजनाचं म्हणाल तर व्हेजिशियस या रोमन लेखकाने रोमन रिक्रूटाला हत्यारांशिवाय साठ रोमन पौंड, म्हणजे वीस किलो घेऊन चालवायला सांगितलंय. सॉमला तीस. २००३ ला अफगाणिस्तानात अमेरिकन शिपायांची वजनं करून पाहिली तर नुसता लढाईचा बोजा सरासरी २९ किलोच्या आसपास, मोठी सॅक धरली तर ४५ च्या वर. गोळी हलकी झाली, ५.५६ ची १२ ग्रॅमची, जुन्या ७.६२ च्या निम्मी. मग वजन कमी झालं का? नाही. दुप्पट गोळ्या दिल्या. वर चिलखती प्लेटा, रेडिओ, बॅटऱ्या, रात्री बघायची दुर्बीण. वाचलेला प्रत्येक ग्रॅम कुणीतरी वर बसून परत भरतो.

मृगजळ
खंदककर काका, तुमच्या वेळी दोघांत अंतर किती ठेवायचे?

खंदककर
मैदान, उजेड आणि शत्रूकडे काय आहे त्यावर. उघड्यावर पाच-दहा पावलं, कधी जास्त. अट अशी की एका ग्रेनेडमध्ये दोघं जाऊ नयेत आणि एकमेकांची नजर तुटू नये. नवीन पोरगं घाबरलं की नकळत शेजाऱ्याकडे सरकतं. ओरडून ओरडून लांब करावं लागतं. वर त्या ग्रीकांचं वाचलं तेव्हा हसू आलं, आमच्याकडेही सगळे सरकायचेच.

तिरपागडा
आता ड्रोनमुळे तर आणखीनच. युक्रेनमध्ये २०२२ नंतर स्फोटक लावलेली छोटी ड्रोन एकेका माणसाच्या मागे लागतात. दोन-तीन जण मिळून खड्ड्यात, पुढची जोडी कुठे तरी लांब, वर जाळी ताणलेली. छऱ्याच्या बंदुका परत आल्यात, उडत्या ड्रोनवर मारायला. उद्या ढालही येईल.

मृगजळ
काका, एक शेवटचं. रात्री अंधारात नजर तुटतेच की. रेडिओवर बोलायचं नाही, आवाज करायचा नाही. मग शेजारचा आहे की नाही हे कळतं कसं?

खंदककर
दोरी. रात्री घात लावून बसलो की शेजारच्याच्या मनगटापासून माझ्या मनगटापर्यंत बारीक दोरी. एक झटका म्हणजे कुणीतरी येतंय, दोन म्हणजे जागा आहेस का. एकदा पहाटे मी दोन झटके दिले, उत्तर नाही. परत दिले. घाम फुटला. सरपटत गेलो तर पठ्ठ्याने दोरी सोडवून झुडपाला बांधली होती आणि स्वतः पोटावर पडून एका डोळ्याने समोर बघत होता. म्हणाला, हात आखडला होता. त्याला काय शिक्षा झाली ते सांगत नाही. दोरी मात्र त्यानंतर तो स्वतःहून दोनदा तपासायचा, माझ्या मनगटाची गाठसुद्धा.